इंडोमिटेबल 1946 चित्रकथा: कामाच्या नोंदी

4 मे 2025

आजपासून इथे लिहीत जाणार, नाहीतर नंतर कुठलं पान का तसं काढलं तेच आठवत नाही. तर काम असं की ब्रिटनची रग्बी लीग टीम 1946 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली होती, महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, आणि गेली कशावरून तर चक्क विमानवाहू युद्धनौकेवरून. एचएमएस इंडोमिटेबल. म्हणून त्या टीमलाच इंडोमिटेबल्स म्हणतात. त्याची काळ्या-पांढऱ्यात चित्रकथा करायची. चित्रं मी, मजकूर दादा.

दादाचा पहिला ड्राफ्ट आलाय. त्यात नेहमीसारखं सगळं कॅप्टनभोवती फिरतंय. कॅप्टन गस रिसमन, सॅलफर्ड क्लबचा, दौऱ्याच्या वेळी वय 35, आधी 1932 आणि 1936 ला ऑस्ट्रेलिया करून आलेला. आईवडील लाटव्हियातून आलेले, जन्म कार्डिफचा. माणूस जबरदस्त आहेच, वादच नाही. पण मला हवाय जिमी ल्यूथवेट. बॅरो क्लबचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा. अख्ख्या दौऱ्यात सगळ्यात जास्त ट्राय (समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय) त्याचे, 25, आणि तीन अ‍ॅशेस टेस्ट झाल्या (क्रिकेटसारखंच, ब्रिटन-ऑस्ट्रेलिया मालिकेला इथेही हेच नाव) त्यातल्या एकाही टेस्टमध्ये तो नव्हता. एकाही! मी दादाला म्हटलं, अरे हे वाचल्यावर दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावीशी वाटतेच कशी तुला. तो म्हणाला, "अगं लोकांना कॅप्टन लागतो." बघू.

10 मे

बोटीची पानं. पहिला डबल स्प्रेड, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र, पूर्ण डेकचा करायचा ठरलं.

लांबी साधारण 230 मीटर, आणि फ्लाइट डेक नुसता सपाट नाही तर चिलखती, पोलादी पत्र्याचा. उजव्या बाजूला आयलंड, म्हणजे ब्रिज, मास्ट, धुराडं सगळं एका ठिकाणी कोंबलेलं. ह्याच डेकवर पोरं पळायची, व्यायाम करायची, एप्रिल महिनाभर समुद्र आणि हे. मला पोलाद काढायला आवडतं, हॅचिंग, म्हणजे बारीक रेघांनी सावली, करत बसायचं नुसतं, पण इथे मुद्दाम डेक बराचसा कोरा ठेवलाय. म्हणजे माणसं लहान दिसतात, आणि ती लहानच दिसायला हवीत, कारण वर्षभरापूर्वी ह्याच डेकवर, मे 1945 मध्ये, पॅसिफिकमध्ये एक कामिकाझे, म्हणजे जपानी आत्मघाती विमान येऊन आदळलं होतं आणि घसरत पलीकडे समुद्रात गेलं होतं. त्याआधी 1942 ला माल्टाच्या ताफ्यात बाँब खाल्लेले, 1943 ला सिसिलीजवळ टॉर्पेडो. त्या जागेवर आता शॉर्ट्स घातलेली माणसं पळतायत. हे कॅप्शनमध्ये सांगायचं नाही असं मी दादाला बजावलंय, आधीच्या पानावर एकाच लहान पॅनलमध्ये तो डेक तसाच त्याच अँगलने विमानासकट दाखवते, ज्याला दिसेल त्याला दिसेल.

जाता जाता: ही बोट एप्रिल 1942 मध्ये मुंबईला पण येऊन गेलीय, जपान्यांनी सिलोनवर हल्ले केले तेव्हा ब्रिटिशांचा ताफा मागे सरकून मुंबईला आला त्यात ती होती. आपल्या कथेत ह्याचं काही काम नाही म्हणून घेतलं नाही, पण दादा दोन दिवस तेच घेऊन बसला होता की गेटवेचं एक चित्र टाक म्हणून. नाही टाकत.

13 मे

आज जे सापडलं त्याने माझी बाजू एकदम भक्कम झाली. इंडोमिटेबल बांधली कुठे? बॅरो-इन-फर्नेसला, व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या यार्डात, मार्च 1940 मध्ये पाण्यात सोडली. आणि टीममध्ये बॅरो क्लबचे चार जण होते, विली हॉर्न, ब्रिन नोल्डन, जो जोन्स आणि ल्यूथवेट. म्हणजे हे चौघं आपल्या क्लबच्याच गावात बांधलेल्या बोटीवरून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघालेत. बॅरो म्हणजे गावच यार्डाचं, क्रेन दिसल्याशिवाय आकाश दिसत नाही.

दादाला फोन केला. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला ठीक आहे, बॅरोपासून सुरू करू, पण रिसमन मधे येणारच. येऊदे की, मी कुठे नाही म्हणते.

पान 1 बदललं. आता सुरुवात यार्डापासून, वरून पाहिल्यासारखी, बोट अजून लाकडी टेकूंवर उभी.

19 मे

जर्सी. पांढरी, छातीवर लाल-निळे व्ही आकाराचे पट्टे. आपल्याकडे रंग नाहीतच तर लाल आणि निळा वेगळा कसा दाखवायचा? लाल पूर्ण काळा आणि निळ्याला आडव्या रेषा. ऑस्ट्रेलिया हिरवी-सोनेरी, ती मधल्या करड्या टोनमध्ये. लांबून बघितलं तर पांढरे विरुद्ध करडे असं सरळ कळतं, पुरे. बॉल चामड्याचा, लेस लावलेला, पावसात भिजला की दगड. हेल्मेट-बिल्मेट काही नाही, फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून ढकलाढकली करणाऱ्या लोकांतले काही कान बांधून घ्यायचे.

24 मे

दोन पानं नियमांना द्यायची की नाही ह्यावरून वाद. मी म्हटलं वाचणाऱ्याला रग्बी म्हणजे रग्बी, त्यात दोन प्रकार असतात हे कितीजणांना माहितीय? दादाने जे लिहून पाठवलं ते छान आहे, थोडक्यात इथे ठेवते:

29 ऑगस्ट 1895, हडर्सफील्डचं जॉर्ज हॉटेल. उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले आणि रग्बी युनियनपासून, म्हणजे तोवर खेळ चालवणाऱ्या संस्थेपासून, फुटले; त्यांचा खेळ तो पुढे रग्बी लीग झाला. कारण पैसा, पण हावरटपणाचा नाही. खाणीत, गिरणीत काम करणारा माणूस शनिवारी मॅच खेळला की त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची, ती भरून द्या एवढंच मागणं होतं. युनियन चालवणाऱ्या साहेबलोकांना ते पटेना, खेळाचे पैसे घ्यायचे म्हणजे काय. मग हळूहळू ह्यांनी नियम बदलले, 1906 पासून 15 ऐवजी 13 खेळाडू, आणि टॅकल झाला की ढिगाऱ्यात लोळत बसायचं नाही, उठायचं, पायाने बॉल मागे सरकवायचा, खेळ पुढे चालू. 1946 ला अजून टॅकलची मर्यादा नव्हती, म्हणजे बॉल हातून सुटत नाही तोपर्यंत तुम्हीच खेळत राहा, मर्यादा 1966 ला आली. ट्रायला 3 गुण, गोलला, म्हणजे बॉल लाथ मारून खांबांच्या मधून घातला तर, 2. बदली खेळाडू नाही. जखमी झालात तर 12 जणांवर खेळा.

हे शेवटचं वाक्य मी ठळक करायला लावलं, पुढे लागणार आहे.

आणि वेल्सचं. टीममध्ये 26 पैकी 11 वेल्सचे. आता वेल्समध्ये तर सगळं युनियनचं राज्य, मग हे इकडे कसे, तर मंदीच्या काळात खाणी बंद, घरात चूल पेटायची पंचाईत, उत्तरेतल्या क्लबचा माणूस रोख पैसे घेऊन दारात. सही केली की युनियनचे दरवाजे जन्मभर बंद, गावच्या क्लबात साधं पाहुणा म्हणून जायची चोरी. गंमत बघा, युद्धात मात्र लष्करी टीमसाठी हाच नियम खुशाल गुंडाळून ठेवला. 1943 ला लीड्समध्ये आणि 1944 ला ब्रॅडफर्डमध्ये लीगवाले विरुद्ध युनियनवाले असे सामने झाले, दोन्ही युनियनच्या नियमाने, दोन्ही लीगवाल्यांनी जिंकले. युद्ध संपलं आणि बंदी परत लागू. ह्या एका गोष्टीवर मी अर्धं पान दिलं असतं, दादाने दोन पॅनल दिले.

1 जून

बोट फ्रीमँटलला लागली, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं पश्चिम टोक, आणि सामने सगळे पूर्वेला. मधे अख्खा खंड. ट्रेनने जायचं.

ट्रेनचं मटेरियल वाचताना मला मिरज आठवलं. आमचे आजोबा सांगायचे, मिरज जंक्शनला ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज होते, माणसापेक्षा सामानाचे हाल जास्त. तिथे तेच पण देशभर! पर्थ ते कॅलगुर्ली नॅरो गेज, तिथून नलारबोर मैदान ओलांडून पोर्ट पिरीपर्यंत स्टँडर्ड गेज, मग अ‍ॅडलेड, मेलबर्न करत ऑलबरीपर्यंत ब्रॉड, आणि ऑलबरी ते सिडनी परत स्टँडर्ड. प्रत्येक राज्याने आपापली रेल्वे आपापल्या मापाने बांधली, पुढे कधी जोडायची वेळ येईल हा विचारच नाही. गेज बदललं की उतरा, सामान काढा, दुसऱ्या गाडीत चढा. आणि नलारबोरवर 478 किलोमीटर रूळ एकदम सरळ, एक वळण नाही, झाड नाही.

हा सीन मी चार पानं करणार. दादा म्हणतो काहीच घडत नाही त्यात. तेच तर. एका पॅनलमध्ये खिडकी आणि क्षितिज, पुढच्यात तेच, पुढच्यात तेच पण माणसाची बसायची पद्धत बदललेली. फ्रँक व्हिटकोम्बला खिडकीशी बसवलाय, ब्रॅडफर्डचा प्रॉप, म्हणजे पहिल्या रांगेतला धिप्पाड फॉरवर्ड, धंद्याने लॉरी ड्रायव्हर, वजन 18 स्टोनच्या आसपास म्हणजे आपल्या हिशोबात 115 किलो. एका सीटमध्ये तो बसत नाही, म्हणून शेजारच्याला अर्धा काढलाय, खांदा फ्रेमच्या बाहेर. त्याचे हात काढायला सगळ्यात मजा आली, बोटं इतकी जाड की चहाचा मग त्यात हरवतो. पुढे 1948 ला वेम्बलीच्या फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडूची लान्स टॉड ट्रॉफी ह्याला मिळाली, ती मिळवणारा पहिला फॉरवर्ड, आणि त्याची टीम हरली होती तो सामना. असली माणसं.

7 जून

पहिली टेस्ट. सिडनी क्रिकेट ग्राउंड, 17 जून 1946, सोमवार. आठ वर्षांनी अ‍ॅशेस होतेय, 64 हजारांवर पब्लिक. हिलवरची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या गवताळ उतारावरची गर्दी काढायला हात मोडला, हॅट, हॅट आणि हॅट, शेवटी ब्रशने ठिपके दिले आणि पुढच्या दोन रांगा नीट काढल्या.

पहिल्या हाफमध्येच ब्रिटनच्या जॅक किचिंगला बाहेर काढलं. ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन जो जॉर्गेन्सनला त्याने मारलं म्हणून. किचिंगचं म्हणणं होतं की तो मला छातीला चावला. जॉर्गेन्सनने साफ नाकारलं. हे कसं दाखवायचं? चावताना दाखवलं तर आपण निकाल दिल्यासारखं होतं. मग असं केलं, तीन पॅनल: दोघं जमिनीवर, माणसांच्या पायांच्या जंगलातून अर्धवट दिसतायत. रेफ्रीचा हात. किचिंग बाहेर चाललाय, मुठीत छातीवरची जर्सी धरून. बस्स.

आता ते ठळक वाक्य कामाला आलं. बदली नाही, उरलेला सामना 12 जणांवर. आणि तरी 8-8. बरोबरी! कॉमेंट्री करणारा बबल दादाने मोठा लिहिला होता, मी अर्धा कापला, आकडाच पुरेसा बोलतो.

आणि ल्यूथवेट? तो हिलच्या समोरच्या बाजूला, साध्या कपड्यात, बघतोय. विंगवर स्पर्धा काय होती ते पण बघायला पाहिजे, एरिक बॅटन होता, जो टॅकल करायला कोणी खाली वाकला की सरळ त्याच्या डोक्यावरून उडी मारून जायचा. त्याचा बाप बिली बॅटनही तसाच होता म्हणे. वॉरिंग्टनचा अल्बर्ट जॉन्सन होता. वेल्सचा आर्थर बॅसेट होता. निवड करणाऱ्यांवर राग काढायला जागा नाही खरं तर, आणि हेच मला जास्त टोचतं. कोणी व्हिलन नाही ह्यात.

12 जून

मॅके. क्वीन्सलँडमधलं उसाचं गाव. 2 जुलैला इथे सामना झाला, ब्रिटन जिंकलं, 94-0. त्यात अर्नेस्ट वॉर्डचे एकट्याचे 17 गोल. गोल 2 चा, म्हणजे 34 गेले, उरले 60, भागिले 3, वीस ट्राय. दादाला हा हिशोब इतका आवडला की तो म्हणाला हेच पानावर टाक, फळ्यावर खडूने लिहिल्यासारखं. टाकलं. पान अर्ध्या तासात झालं, सगळ्यात सोपं पान.

मॅकेच्या लोकांचं मला वाईट वाटतं, पण ते आले आणि शेवटपर्यंत खेळले.

15 जून

ब्रिस्बेन, 6 जुलै, दुसरी टेस्ट. मॅकेनंतर चारच दिवसांनी. एक्झिबिशन ग्राउंड, 40 हजारच्या आसपास आत, जागा नाही म्हणून लोक कुंपणावर. 14-5 ब्रिटन. आर्थर बॅसेटचे तीन ट्राय. पहिल्या टेस्टला तो नव्हता, दुसरीत घेतला आणि पठ्ठ्याने तीन ट्राय ठोकले, आता ल्यूथवेटला तिसऱ्या टेस्टमध्ये कुठून घेणार?

ह्या पानावर दादाचं आणि माझं खरं भांडण झालं. त्याच्या मते हे पान विजयाचं आहे, बॅसेट मध्यभागी, हात वर. मला बॅसेटचा तिसरा ट्राय मागून हवा होता, म्हणजे मैदानाच्या कडेला बसलेल्यांच्या खांद्यावरून दिसतोय असा. दादा म्हणाला, "अगं ताई, त्या माणसाच्या आयुष्यातला दिवस आहे तो, त्याची पाठ काढतेस तू." वैतागला की मला ताई म्हणतो, मोठा असून. पण मुद्दा बरोबर होता. बॅसेटला समोरून काढला, पूर्ण पान, एकदम चिखल-बिखल घामासकट. खांदे पुढच्या पानावर गेले, लहान पॅनलमध्ये.

21 जून

तिसरी टेस्ट पटापट झाली, 20 जुलै, परत सिडनी, 20-7 ब्रिटन. ऑस्ट्रेलियाच्या आर्थर क्लूजला बाहेर काढलं ह्यावेळी, म्हणजे हिशोब फिटला म्हणायचं. हाच क्लूज नंतर लीड्सला जाऊन खेळला आणि तिथल्या लोकांचा लाडका झाला, लायनेल कूपर हडर्सफील्डला गेला. ऑस्ट्रेलियावाल्यांनी ब्रिटिशांना मारलं आणि मग त्यांच्याच गावात जाऊन राहिले.

दोन विजय, एक बरोबरी. ऑस्ट्रेलियात जाऊन अ‍ॅशेसमध्ये एकही टेस्ट न हरलेली ब्रिटनची टीम म्हणून ही आजही ओळखली जाते.

पण मला ह्या पानावर आणखी एक गोष्ट हवी होती ती मिळाली. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, 21 जुलै 1946 ला, ब्रिटनमध्ये ब्रेडचं रेशनिंग सुरू झालं. युद्ध चालू असताना पाव कधी रेशनवर नव्हता, जिंकल्यावर आला. म्हणजे इकडे पोरं स्टेकवर ताव मारतायत आणि तिकडे बायका कुपन घेऊन पावाच्या लाइनमध्ये. पानाचे दोन भाग केलेत, वर ड्रेसिंग रूम, खाली बेकरीचं दार. मधे रेघ नाही. दादाने एक शब्द लिहिलेला नाही ह्या पानावर, त्यानेच सुचवलं की नको.

26 जून

न्यूझीलंड. ऑकलंडच्या कार्लॉ पार्कवर ब्रिटन 13-8 हरलं. ऑस्ट्रेलियाला लोळवून आलेली टीम, आणि शेवटी इथे हरली. दादाला हे वगळायचं होतं, म्हणे ग्राफ खाली जातो. मी म्हटलं दौरा आहे, सिनेमा नाही. एक पान, सहा पॅनल, चिखल.

4 जुलै

इंकिंग संपत आलंय. सगळ्यात जास्त वेळ खातोय तो ल्यूथवेटचा चेहरा. त्याला मी कुठेही रडवेला केलेला नाही, रागावलेलाही नाही. छोट्या गावांतल्या सामन्यांची जी पानं आहेत त्यात तो पळतोय, कडेच्या रेषेला चिकटून, बॉल डाव्या काखेत, आणि टेस्टच्या पानांत तो बघतोय. पळतानाची रेघ जाड ब्रशची, बघतानाची बारीक पेनची. दादाला विचारलं फरक कळतो का. म्हणाला कळत नाही, पण दोन पानं उलटल्यावर काहीतरी वेगळं वाटतं. चालेल.

9 जुलै

शेवटची दोन पानं. नंतरचं सगळं तारखांनिशी: ल्यूथवेट बॅरोकडूनच खेळत राहिला, 500 सामने, साडेतीनशेवर ट्राय. 1955 ला बॅरोने वेम्बलीवर चॅलेंज कप जिंकला, वर्किंग्टन टाउनला 21-12 हरवून, कॅप्टन विली हॉर्न, आणि टीममध्ये ल्यूथवेट होता. वर्किंग्टन म्हणजे रिसमनने उभी केलेली टीम, 1951 ची चॅम्पियनशिप आणि 1952 चा कप त्याने कॅप्टन-कोच म्हणून जिंकून दिला, 1952 ला वय 41. 1955 पर्यंत तो तिथून गेलेला होता. दादाला अखेर त्याच्या कॅप्टनसाठी एक पूर्ण पान मिळालं, खूष आहे.

इंडोमिटेबल पण 1955 मध्येच भंगारात गेली. स्कॉटलंडमध्ये फास्लेनला तोडली. हे मी कपाच्या पानावर ठेवलेलं नाही, त्याच्या मागच्या पानावर, जिथे यार्डाचं चित्र परत येऊ शकलं असतं पण तिथे नुसता मजकूर आहे.

15 जुलै

प्रेसवाल्यांकडे जाऊन आले. पानं चारच्या पटीत हवीत, आपली 46 होत होती, म्हणून ट्रेनचा सीन अजून दोन पानांनी वाढवला (दादा बोलला नाही, फक्त बघितलं माझ्याकडे). आतला कागद 90 जीएसएम मॅपलिथो, कव्हर 250 चं आर्ट कार्ड, सेंटर पिन. काळा नुसता काळा छापला तर डेकचं पान करडं येतंय, प्रूफमध्ये दिसलं, म्हणून मोठे काळे भाग परत भरून फाइल पाठवायची. जर्सीवरच्या निळ्या पट्ट्याच्या रेषा लहान पॅनलमध्ये एकमेकींत मिसळतायत, त्या तेवढ्या पॅनलपुरत्या विरळ करायच्या.

कव्हरवर कोण, हे अजून ठरलेलं नाही. माझं स्केच तयार आहे, दादाचं म्हणणं बोट टाक. सोमवारी फाइल द्यायचीय.